मुका नळ

"...आणि माझ्यात कमी काय हाय, तेवढं तरी सांगा!"

रणधीरनं शेवटी विचारलंच. चार वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न होता तो.

खंडूतात्या शिंपी कागदाच्या पट्ट्यांना खळ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पोटासाठी शिलाई मशीन आणि हौसेसाठी शोभेची दारू, असे तात्यांचे दोन संसार. दुसरा जास्त सुखाचा. दसऱ्याला त्यांच्या मंडळाचा औट, म्हणजे दारूचा गोळा, आभाळात फुटला की पंचक्रोशी तोंडाचा आ करून बघायची. त्या रात्रीच्या पहिल्या औटाला बत्ती द्यायचा मान एकाचाच असे. इतकी वर्षं तो तात्यांचा होता. यंदा त्यांचे डोळे अधू झाले होते.

आणि रणधीरला तो मान हवा होता. त्यापायी त्याची झोप उडाली होती.

तसा गडी हुशार. मिरजेला कारखान्यात नोकरी, मशीनचा डिप्लोमा. त्याचे औट सरळ जात, गोल फुटत. फक्त हे सगळं तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे.

"औट बांधायला येतो मला," तो म्हणाला. "रंग येतात. तुमचे सगळे नियम पाठ हायेत."

"सगळे?"

"सगळे."

तात्यांनी बाजूचा एक औट उचलून त्याच्या हातात दिला. दोऱ्यानं घट्ट आवळलेला, नारळाएवढा.

"ह्यो म्या बांधलाय. चल, उडवून दाव."

दसऱ्याला आठ दिवस होते. ऊन कलताना सगळे गावाबाहेरच्या माळावर गेले. मंडळाची आठ-दहा माणसं बोअरच्या हौदापाशी थांबली. औट उडवायचा लोखंडी नळ हातभर जमिनीत पुरलेला होता, तोंड तेवढं वर. रणधीरनं औट आत सोडला, वात पेटवली आणि पळत मागं आला. अगदी नियमाप्रमाणे.

वात सुरसुरत नळात शिरली.

आणि गप्प झाली.

...

कुणी हललं नाही. नळ मुका झाला की काय करायचं, ते त्या गावात शाळेत जायच्या आधी शिकवतात. लांबूनच पाणी मारायचं, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत त्या बाजूला फिरकायचं नाही. आत वात विझली आहे की दम खाते आहे, हे देवालाही सांगता येत नाही.



"काय साहेब," मागून कुणीतरी म्हणालं, "मिरजेची काडी हिकडं चालंना वाटतं?"

लोक हसले. रणधीरची कानशिलं तापली. चार वर्षांची मेहनत, आणि हे चार लोक फिदीफिदी हसणार? तो तरातरा चालत सुटला.

"आरं ए!" कुणीतरी ओरडलं. हसणं तिथल्या तिथं गोठलं.

रणधीर नळाशी पोचला. ओणवा झाला. तोंडाशी तोंड नेऊन आत बघितलं. मग हात घातला, औट बाहेर काढला आणि कागद टराटरा फाडला.

आत तांबडी माती होती. नुसती माती.

आधी त्याला हसू आलं. मग संताप आला. ओंजळीत माती घेऊन तो मागं वळला.

"फसवलं की मला! तात्या, ह्यात तर..."



तात्या हौदाशी बसले होते. सदरा, धोतर, सगळं अंगावर तसंच. डब्यानं पाणी घेऊन ते डोक्यावर ओतत होते. एक डबा. दुसरा डबा. मंडळाच्या माणसांनी टोप्या काढल्या होत्या आणि कुणीच रणधीरकडे बघत नव्हतं.

अशी आंघोळ माणूस कधी करतो, ते रणधीरला ठाऊक होतं.

"कोण गेलं, तात्या?"

तिसरा डबा.

"तात्या, बोला की! कुणाचा निरोप आला?"

...

"अहो, मातीच हुती त्यात!" तो आता जवळजवळ ओरडत होता. "दारूचा कण न्हवता!"

तात्यांनी डबा खाली ठेवला.

"ते तुला कवा कळलं?"

रणधीरनं ओंजळीतल्या मातीकडं बघितलं. मग ती त्याच्या बोटांतून खाली सांडली. एवढा धडधाकट गडी, पण तो मटकन खालीच बसला.

"मी... मी हाय की हितं," तो कसाबसा म्हणाला. "तात्या, मी जित्ता हाय."

तात्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. म्हाताऱ्याच्या तोंडावरून पाणी निथळत होतं.

"मग तूच जा घरला, आन् आईला सांग, तुझा रणधीर गेला म्हून. माझी काय छाती हुईना."