चाळीस खोट्या नोंदी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंच्या दारात मोबाइल घेऊन उभा राहिला. नमस्काराला वाकला तेव्हाही मोबाइल हातातच होता, म्हणजे तो कोणत्या पिढीचा हे वेगळे सांगायला नको.

गुरूही काही जटाधारी नव्हते. उभी हयात महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवून ते आता एका लहानशा गावात राहत होते आणि सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. मन जड झालेली माणसे त्यांच्या पडवीत येऊन बसत, बोलत आणि जरा हलकी होऊन घरी जात. शिष्य त्यांच्याकडेच मनाचे शास्त्र शिकला होता. पुढे तो संगणकाकडे वळला, आणि दोन्ही विद्या एकत्र करून त्याने मोबाइलवरची एक रोजनिशी तयार केली. ज्याला कोणापाशी बोलता येत नाही त्याने तिथे रोज चार ओळी लिहाव्यात आणि आपल्या मनाची ओळख करून घ्यावी, असा त्या ॲपचा हेतू. दोन वर्षांची प्रामाणिक मेहनत त्यात होती. येत्या सोमवारी ते लोकांसाठी खुले व्हायचे होते.

"मग चेहरा असा का?" गुरुजींनी विचारले. ते मोड आलेले वाल सोलत बसले होते. परातीत एका बाजूला सालांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला डाळिंब्यांचा.

"गुरुजी, ते ॲप मी बंद करावं म्हणतो."

"का बरं?"

"मला स्वतःला त्यात एक ओळ लिहिता येत नाही. सोमवारी पहिली नोंद मी माझी लिहायची, असं सहकाऱ्यांनी ठरवलंय. महिना झाला, रोज सकाळी पान उघडतो, माझं नाव टाकतो आणि हात थिजतात. बाबा जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून मी रडलो नाही, कोणाशी काही बोललोही नाही. जे मला जमत नाही, ते लोकांना कोणत्या तोंडानं सांगू? नुसतं ढोंग होईल ते."

गुरुजींनी एक वाल सोलला, दुसरा घेतला. "सध्या त्यात काहीच लिहिलेलं नाही?"

"आहे, पण ते खोटं आहे. ॲप तपासायला नोंदी लागतात. म्हणून काल्पनिक माणसं तयार केली आणि त्यांच्या नावानं मीच काहीबाही लिहीत गेलो. चाळीस नोंदी आहेत. रविवारी पुसून टाकायच्या."

"वाच."

"गुरुजी, त्यात काही अर्थ नाही हो. कचरा आहे तो."

"चाळीसच्या चाळीस वाच."

शिष्य मनातून खट्टू झाला. आपण एवढ्या लांबून जड मनाने आलो आणि यांना कचरा ऐकायचा आहे! तरी गुरूंचा शब्द मोडवेना. तो वाचू लागला.

"इरावती, वय वीस, नर्सिंगची विद्यार्थिनी. आज पेपर बरा गेला. मेसची भाजी खारट होती."

गुरुजी वाल सोलत राहिले.

"दौलत, वय चव्वेचाळीस, ट्रकचालक. घाट उतरत होतो. घरून फोन आला, घेतला नाही. खाली येऊन लावला तर लागला नाही."

गुरुजींनी एक डाळिंबी उचलली आणि शेजारच्या रिकाम्या वाटीत टाकली.

"संजीवनी, वय छत्तीस, शिवणाचे वर्ग घेते. मशीनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. दिवसभर चुटपुट लागली."

आणखी एक डाळिंबी वाटीत पडली.

शिष्य वाचत गेला. कधी सलग चार डाळिंब्या वाटीत पडत, कधी बराच वेळ एकही नाही. त्याला काही बोध होईना. म्हातारपणी माणसाला असले चाळे सुचतात, असेही त्याच्या मनात येऊन गेले, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. अर्धा तास होत आला. चाळिसावी नोंद वाचून त्याने मान वर केली, तेव्हा गुरुजींनी वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"मोज."

सव्वीस डाळिंब्या होत्या.

"चाळीस माणसं तू निर्माण केलीस," गुरुजी म्हणाले. "कोणी कुठल्या गावचं, कोणी कसल्या धंद्यातलं. त्यातल्या सव्वीस जणांच्या नोंदीत फोन वाजला आणि कोणी उचलला नाही. अरे, हा फोन कोणाचा?"

शिष्य मोबाइलकडे पाहतच राहिला. त्याने नोंदी वर सरकवल्या, खाली सरकवल्या. आजवर त्या त्याने शंभरदा तपासल्या होत्या. अक्षर नीट दिसते का, तारीख बरोबर पडते का, सगळे पाहिले होते. लिहिले काय आहे, तेवढे पाहायचे राहून गेले होते.

"बाबांचा," तो म्हणाला. "मी मीटिंगमध्ये होतो. नंतर करू म्हणून कट केला. संध्याकाळी ते गेल्याचा फोन आला."

आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तो रडला. गुरुजींनी त्याला पोटभर रडू दिले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग म्हणाले, "आता ती पोस्टमास्तरांची नोंद पुन्हा वाच."

शिष्याने डोळे पुसून ती शोधली. "भास्करराव, वय एकोणसत्तर, निवृत्त पोस्टमास्तर. आज लेकाला फोन लावला. उचलला नाही. कामात असेल पोरगा. सहजच केला होता, फणस पिकलाय हे सांगायला. करेल सवडीनं."

"हे कोणी लिहिलं?"

"मीच."

"आणि भास्कररावांना राग आला नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

शिष्याने ती नोंद मनाशी पुन्हा एकदा वाचली.

"ऐक," गुरुजी म्हणाले. "स्वतःचं नाव टाकलंस की तुझं मन अंग चोरून बसायचं, कारण तिथं त्याला आरोपी म्हणून उभं राहावं लागत होतं. परक्याचं नाव दिलंस तेव्हा त्याची भीती गेली आणि ते सगळं बोलून मोकळं झालं. नवल पुढेच आहे. आपली चूक सांगून ते थांबलं नाही, बाबांचं म्हणणंही त्यानं तुझ्याच हातून लिहून घेतलं. प्रत्यक्षात ते काय म्हणाले असते, हे मला ठाऊक नाही, तुलाही नाही. पण तीस वर्षं तू त्यांना ओळखत होतास, आणि तुझ्या ओळखीतला बाप रागावलेला नाही. मी आयुष्यभर मन शिकवलं रे, पण त्याची अशी करणी पाहिली की अजूनही हात जोडले जातात."

आपण मनासाठी एक साधन बांधतो आहोत अशा समजुतीत शिष्य दोन वर्षे होता. मनाने मात्र ते बांधून पुरे होण्याची वाटही पाहिली नव्हती. पडवीत उन्हे आली तरी त्याला उठावेसे वाटेना. आपल्याच आत इतके शहाणे, इतके मायाळू कोणी राहते आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, या विचाराने त्याची मान आपोआप खाली झुकली.

सोमवारी ॲप ठरल्याप्रमाणे खुले झाले. त्यात एकच बदल होता. पहिल्या पानावर खरे नाव लिहिण्याची सक्ती होती, ती त्याने काढून टाकली होती आणि तिथे विचारले होते, 'आज कोणाच्या नावाने लिहायचे आहे?' ज्याला स्वतःविषयी लिहवत नाही, त्याने खुशाल दुसऱ्या कोणाविषयी लिहावे. सांगायचे असते ते तिथेही सांगितले जाते.

सहकारी भोवती उभे होते. शिष्याने त्या प्रश्नापुढे स्वतःचे नाव लिहिले. हात थिजले नाहीत. मग त्याने पहिली नोंद लिहिली, ती एका ओळीचीच होती.

'हो बाबा, मी कामातच होतो.'