वैजूची चौकट

एका डोंगराकडच्या गावात वैजयंता नावाची एक मुलगी होती. सगळे तिला वैजू म्हणत. खो-खोत तिला शिवणं कुणाला जमत नसे. अंगावर हात आला, की ती अशी काही वळे, की हात नुसता वाऱ्याला लागे.

पुढे शाळेत बेसबॉल आला, बॅटने चेंडू टोलवून धावत सुटायचा खेळ. पहिल्याच सरावात चेंडू वैजूच्या बरगडीत बसला. दगडासारखा कडक चेंडू तो. त्या कुशीवर तिला बरेच दिवस निजता आलं नाही. तेव्हापासून चेंडू फेकणारीचा हात वर गेला, की वैजू आधीच अंग चोरी.

सामन्याच्या दिवशी बॅट घेऊन उभं राहायची शेवटची पाळी नेमकी तिच्यावर आली. तिची मैत्रीण शमा तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या शेवटच्या टप्प्यावर, टपून उभी होती. तिथून शमा वैजूच्या पायाजवळच्या पाटीपर्यंत, म्हणजे खेळातल्या ‘घरी’, पोचली तर बरोबरी. वैजू बाद झाली तर सामना गेला.

पहिला चेंडू आला. वैजू चटकन बाजूला सरकली.

“स्ट्राइक!” मागे उभे असलेले पंच हणमंत गुरुजी म्हणाले.

दुसरा आला. ती पुन्हा सरकली. पुन्हा “स्ट्राइक!”

पाठीमागे चेंडू झेलणारी मुलगी फिदीफिदी हसली. “अगं बाई, चेंडू आहे तो, विंचू नव्हे!”

आणखी एक स्ट्राइक, की बाद. वैजू मागे वळली. “गुरुजी, चेंडू मला लागलाच नाही. मी तर बाजूला झाले होते. मग स्ट्राइक कसा?”

गुरुजी खाली वाकले. जमिनीतल्या पांढऱ्या पाटीवरची धूळ छोट्या ब्रशने झाडत हळूच म्हणाले, “इथं एक चौकट आहे, बाळ. रुंदीला या पाटीएवढी, उंचीला तुझ्या गुडघ्यापासून छातीपर्यंत. कुणी आखलेली नाही, पण आहे. चेंडू तिच्यातून गेला, की तो तुझा, मारला नाहीस तरी. तू बाजूला झालीस. चौकट नाही झाली.”

तिसरा चेंडू थेट तिच्या कानाकडे आला. वैजू मटकन खाली बसली. आता संपलं, म्हणून तिने डोळे घट्ट मिटले.

“बॉल!” गुरुजी म्हणाले. “हा चौकटीबाहेरचा, स्ट्राइक नाही. हा तुझा नव्हे.”

वैजू उठली. तिने पाटीकडे एकदा नीट पाहिलं.

चौथा आला. सरळ, पाटीवरून, कमरेच्या उंचीने. भीती गेली नव्हती. पण पाय जागचे हलले नाहीत. तिने बॅट फिरवली. चेंडू धड उडालाही नाही, जमिनीवरून घरंगळत गेला. तोवर वैजू सुटली होती. खो-खोचे पाय ते! चेंडूच्या आधी तिने पहिला बेस गाठला, म्हणजे ती बाद नव्हती, आणि इकडे शमा धुळीतून घसरत घरी आली. बरोबरी झाली.

झेलणारी मुलगी या वेळी हसली नाही.

तात्पर्य: भीती वाटण्यात लाज नाही, आणि जे आपलं नाही ते खुशाल चुकवावं. पण जे आपल्या वाट्याचं म्हणून समोर येतं, ते चुकवलं तरी आपल्याच नावावर पडतं. तेव्हा थरथरत का होईना, त्याच्यासमोर उभं राहावं.