महाराजांचं ज्वारीचं ताट

"पुढच्या साली या खळ्यावर हत्तीच्या पाठीइतकी रास हवी. शेत हेच, पीकही ज्वारीचंच. नाहीतर शेत सोडायचं!"

महाराज इंद्रसेनांनी हुकूम सोडला आणि ते राजशेत कसणाऱ्या बाळोजीच्या तोंडचं पाणीच पळालं. महाराज ज्वारीचे वेडे. पाच वर्षांपूर्वी इथली रास खरोखर हत्तीच्या पाठीला टेकली होती, तेव्हापासून या शेतात दुसरं बी पडू द्यायचं नाही, असा त्यांचा हट्ट. रास मात्र दरसाल खाली बसत चालली होती. यंदा ती हत्तीच्या गुडघ्याशीच थांबली. बाळोजीने कारण सांगायला दोनदा तोंड उघडलं, महाराजांनी दोनदा त्याला गप्प केलं.

त्याची लेक सगुणा मोठी धीट. ती पुढे झाली आणि तिने रीतीची आठवण करून दिली. नव्या धान्याचं पहिलं जेवण महाराजांनी खळ्यावरच घ्यायचं, आणि ताटात शेतात पिकलं असेल तेवढंच वाढायचं. महाराजांना भूक लागलीच होती. त्यांनी लगेच मांडी घातली.

सगुणाने गरम भाकरी वाढली. शेजारी ज्वारीच्या कण्या, ज्वारीच्या घुगऱ्या आणि वाटीत ज्वारीचीच आंबील. पहिली भाकरी महाराजांनी मिटक्या मारत संपवली. दुसरी घशात अडकू लागली. तिसरी वाढताच त्यांनी ताट बाजूला सारलं.

"अगं, वरण कुठाय? निदान पिठलं तरी वाढ!"

"वरणाला तूर लागती, म्हाराज, पिठल्याला हरभरा. तुमचा हुकूम ज्वारीचाच व्हता."

"म्हणून काय भाकरीशी भाकरी खायची?"

"तुमी एका जेवणातच कटाळला. ही जमीन पाच वर्सं ह्येच ताट जेवतीया. एखाद्या साली तिला बी तूर-हरभरा दावा की! अंगात कस आला, की मग ज्वारीची रास मागा."

बाळोजीने भीतीने डोळेच मिटून घेतले. आणि महाराज हसत सुटले, पागोटं घसरेपर्यंत हसले. हुकूम त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतला.

"शेत तुला इनाम दिलं, पोरी. कुठल्या साली काय पेरायचं ते तूच ठरव. पण आता तरी थोडी डाळ वाढ!"

"पेरते की, म्हाराज," सगुणा म्हणाली. "तवर आनखी कण्या वाढू का?"