मडक्यावरचं झाकण

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते मला विचारू नका. तेव्हा मी नव्हतो आणि तुम्हीही नव्हता. एका नदीकाठी काचेचे मणी करणाऱ्यांचं गाव होतं. तापून मऊ झालेली काच लोखंडी सळईवर गुंडाळायची, तिला आकार द्यायचा, की झाला मणी. पण खरं काम तिथून पुढे. मणी लालबुंद असतानाच गरम राखेच्या मडक्यात पुरायचा, वर झाकण ठेवायचं आणि दिवस मावळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मणी आपल्या चालीनं निवला पाहिजे. मध्येच वारा लागला, की टिचलाच म्हणून समजा.

त्या गावात केरबा नावाचा म्हातारा कारागीर होता. राजाच्या घरी लग्न निघालं, की मण्यांचा सर केरबाच्या घरून जायचा. त्याच्या आजोबापासून चालत आलेला मान होता तो. हात सोन्याचा, पण स्वभाव? देवा रे देवा! हत्यारांची पेटी कायम कुलपात आणि किल्ली करगोट्याला. शेजारी कुंपणापाशी नुसता खोकला, तरी याला वाटायचं, आला नक्षी चोरायला.

केरबाचा मुलगा काच आणायला दूरदेशी गेला होता. घरात सासरा आणि नवी सून सारजा, दोघंच. आल्या आल्या तिनं एकदा हौसेनं भट्टीजवळची सळई उचलली होती.

"ठेव ती!" केरबा खेकसला. "आमच्या हत्यारांना बाहेरचा हात लागत नाही."

"बरं, मामंजी," म्हणून ती मुकाट्यानं चुलीपाशी गेली. जिव्हारी लागलं तिच्या.

अशात राजवाड्यातून सांगावा आला. राजकन्येचं लग्न ठरलंय. साठ हिरव्या मण्यांचा सर हवा, प्रत्येक मण्यावर बारीक कंगोरे हवेत. पौर्णिमेला सकाळी सर पोचला नाही, तर हा मान नदीपलीकडच्या गावाला जाईल.

केरबा कामाला लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी पान खायला बसला, तर तबकात अडकित्ता नाही! सारजेला विचारलं, तर ती गडबडली. "असेल इथंच कुठं तरी," म्हणाली. पुढच्या दिवशी करंज्या कापायचं कातण खुंटीवर नव्हतं. मग पोती शिवायचा दाभण गेला, उलथणं गेलं, आणि दात पडलेली जुनी फणीसुद्धा गेली. फणी कोण चोरतं हो? पण केरबाच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आता तो डोळ्यांत तेल घालून सुनेवर नजर ठेवू लागला. सारजा पदराखाली काहीतरी झाकून परसातल्या गोठ्यात जायची. कुंपणापाशी शेजारची ठकूआजी तिच्या ओंजळीत गुपचूप काहीतरी ओतायची. दोघी कुजबुजायच्या आणि हा दिसला, की गप्प व्हायच्या.

'फितूर झाली ही,' केरबानं ठरवून टाकलं. 'आज घरातल्या वस्तू नेतेय, उद्या माझे मणी नेईल. नदीपलीकडे पोचवायला कितीसा वेळ लागतो?'

हे मनात आलं आणि त्याला बसवेना. भर दुपारी तो मडक्यापाशी गेला, झाकण काढलं, राख चाळवली, मणी मोजले. सगळे होते. झाकण ठेवलं. घटकाभरानं पुन्हा वाटलं, आत्ता मी पाणी प्यायला गेलो होतो, तेवढ्यात नेले असतील तर? पुन्हा झाकण काढलं.

दिवस मावळल्यावर पाहतो तर काय, निम्मे मणी तडकलेले.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जुना कारागीर, त्याला कळलं नाही? नाही कळलं! त्याच्या डोक्यात एकच: सारजेनं राखेत काहीतरी कालवलं. मग काय, दुसऱ्या दिवसापासून दुप्पट पहारा. जितकी राख चाळवायचा तितके मणी टिचायचे, आणि जितके टिचायचे तितका तो राख चाळवायचा.

पौर्णिमेला एक दिवस उरला. केरबाच्या हातात धड मणी होते अकरा.

तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. ठकूआजीला हाताला धरून त्यानं परसात ओढत आणलं. "चल, तूच साक्षीला! आज चोर पकडतो आणि उद्या हिला माहेरी धाडतो!"

त्यानं गोठ्याचं दार ढकललं. आत सारजा शेगडीपुढे बसली होती, तोंड निखाऱ्यांनी लाल झालेलं. समोर अडकित्ता, त्यानं ती काच तोडत होती. दाभणाला पांढरी माती माखलेली, मणी चिकटू नये म्हणून. त्यावर काच गुंडाळून ती उलथण्यानं सारखी करत होती आणि कातण फिरवून कंगोरे पाडत होती. फणीचे उरलेले दात बारीक रेघांसाठी. आणि काच कसली? गावातल्या बायकांच्या वाढवलेल्या हिरव्या बांगड्यांची! ठकूआजी कुंपणावरून तेच तुकडे देत होती.

पण केरबाला यातलं काही दिसलंच नाही. त्याला दिसलं कोपऱ्यातलं झाकलेलं मडकं.

"काय दडवलंयस त्यात? माझे मणी ना?"

सारजा धडपडत उठली. "मामंजी, आत्ता नको! पाया पडते तुमच्या. दिवस मावळू द्या."

"का? तोवर पळवायचं असेल!"

"अरे केरबा, ऐक तिचं!" ठकूआजी ओरडली.

त्यानं झाकण भिरकावलं आणि राखेत उलथणं घालून सगळं उपसून जमिनीवर ओतलं. हिरवेगार मणी घरंगळले. असे कंगोरे त्याच्या स्वतःच्या हातूनही कधी उतरले नव्हते. आणि त्याच्या डोळ्यांदेखत आवाज येऊ लागला. टिच. टिच. टिच.

सारजा फुटलेल्या मण्यांपाशी बसली. "चोवीस होते," ती रडत म्हणाली. "पंचवीस डाळीच्या डब्यात आहेत आणि तुमचे अकरा. आज साठ पुरे होणार होते, मामंजी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचं काम लांबून बघून शिकले. हत्यारांना हात लावू नको म्हणालात, म्हणून चुलीपाशी मिळालं ते घेतलं. मणी चांगला साधला, की सांगणारच होते. पण तुम्ही नुसते बघत राहिलात. धड बोलावंसं कधी वाटलंच नाही तुम्हाला."

ठकूआजीनं एक तडकलेला मणी उचलला. "केरबा, खरं सांग. तुझ्या मडक्याचं झाकण दिवसातून किती वेळा उघडत होतास रे?"

केरबानं तिच्या हातातल्या त्या मण्याकडे पाहिलं. आता कुठे त्याला सगळं कळलं. स्वतःचे मणी त्यानं स्वतःच फोडले होते, आणि सुनेचेही.

चोविसातले पाच वाचले आणि नवे करून निववायला वेळ उरला नव्हता. पौर्णिमेला सकाळी एकेचाळीस मण्यांचा सर राजवाड्यात गेला आणि दुपारी परत आला. लग्नाचा सर अपुरा चालत नाही. तीन पिढ्यांचा मान नदीपलीकडे गेला.

संध्याकाळी केरबानं करगोट्याची किल्ली सोडून सारजेपुढे ठेवली. "चुकलो, पोरी," तो म्हणाला. "आजपासून पेटी तुझी. आणि तुझं ते कातण मला शिकव."

त्या पेटीला पुन्हा कुलूप लागलं नाही. कातण आणि दाभण भट्टीवरच्या खुंटीला टांगले गेले. सारजा मणी राखेत पुरायची, तेव्हा म्हातारा मडक्याकडे पाठ करून अंगणात बसायचा आणि दिवस मावळायची वाट बघायचा. मान काही परत आला नाही, पण त्या घरचा मणी पुन्हा कधी टिचला नाही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: जो संशयापोटी सारखं झाकण उघडून बघतो, तो आपल्याच हातानं आपलं चांगलं होणारं काम मोडतो.