असाध्य म्हणणाऱ्या वैद्यांचे नगर

फार पूर्वी वेत्रवती नदीच्या काठच्या एका नगरात वसुरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका वैद्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोणक. लहानपणापासून त्याला एक खोड होती. जे दिसेल त्याचे कारण विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कुंभार भट्टीचे तोंड ठरावीक बाजूलाच का ठेवतो, गाय आजारी पडली की तिचे कान आधी थंड का पडतात, असे काहीबाही विचारून तो लोकांना पिडत असे. वडील म्हणत, "सोणका, रोग्याला औषध हवे असते, तुझे प्रश्न नव्हे." पुढे तो मोठा वैद्य झाला, पण खोड काही गेली नाही.

त्या नगरात एक विचित्र कायदा होता. राजाचा धाकटा भाऊ एका वैद्याचा उपचार चालू असताना दगावला होता. दुःखाच्या भरात राजाने दवंडी पिटवली की, ज्या वैद्याच्या हातून रोगी मरेल त्याचा औषधे कुटण्याचा खल भर चौकात फोडला जाईल आणि त्याला पुन्हा कोणाला औषध देता येणार नाही. राजा तसा अन्यायी नव्हता. काही रोग शास्त्रानेच असाध्य मानले आहेत हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने एक सवलत ठेवली. उपचाराला हात घालण्यापूर्वी वैद्याने दारातच 'असाध्य' असे म्हटले, तर त्याच्यावर दोष नाही.

त्यानंतर वैद्यांच्या हातून मरणारे झपाट्याने कमी झाले आणि राजाला समाधान वाटले. सोणकाला मात्र एक गोष्ट कळेना. स्मशानातला धूर पूर्वीइतकाच दिसत होता. मग ही माणसे मरत होती तरी कोणाच्या हातून?

झाले, त्याला विषय मिळाला. तो स्नानासाठी मुद्दाम स्मशानाकडच्या घाटावर जाऊ लागला आणि परतणाऱ्या लोकांशी हळूच बोलू लागला.

"उपचार कोणाचा होता?"

"कोणाचाच नाही. असाध्य म्हणाले."

"झाले काय होते?"

कोणी म्हणे बाळंतीण अडली होती, कोणी म्हणे ताप उतरेना, कोणी म्हणे साप चावला. यातली कितीतरी दुखणी आपल्या वडिलांनी बरी केलेली सोणकाने पाहिली होती. कोडे सुटले, आणि सुटल्याचा आनंद काही झाला नाही. अलीकडे तो शब्द आपल्याही तोंडून किती सहज निघतो हे आठवून त्याला लाज वाटली.

एके दिवशी दुपारी मल्लिय नावाचा रंगारी आपल्या बायकोला, उत्पलेला, बैलगाडीत घालून त्याच्या दारी आला. तिच्या घशात मोठे गळू झाले होते. लाळसुद्धा गिळवत नव्हती आणि श्वास घरघरत होता. राजवैद्य पिंगलकाने तिला दारातूनच परत पाठवले होते.

"तुम्हीही तेच म्हणणार असाल तर लगेच म्हणा, वैद्यराज," मल्लिय म्हणाला. "म्हणजे मी गाडी वळवतो."

सोणकाने तिचे तोंड उघडून पाहिले. गळू फोडले तर ती वाचू शकत होती, दगावूही शकत होती. नाही फोडले तर संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हती. तो शब्द त्याच्या जिभेवर आला. खल गेला तर आयुष्यभराची विद्या मातीमोल होणार होती. पण शब्द खोटा होता, म्हणून त्याने तो गिळला.

"अवघड आहे," तो म्हणाला, "पण असाध्य नाही. आत आणा."

त्याने तिला उताणे निजवले आणि शस्त्राने गळू फोडले. पू एकदम बाहेर आला तो सगळा तिच्या श्वासाच्या वाटेत गेला. सोणकाने तिला उठवले, पालथे केले, पाठीवर थापा मारल्या. उत्पला त्याच्या हातांतच गेली. मल्लिय भिंतीला टेकून रडू लागला आणि सोणकालाही रडू आवरले नाही.

दुसऱ्या दिवशी सोणक आपला खल आपणच उचलून दरबारात गेला. मल्लियही आला होता.

राजा म्हणाला, "सोणका, दारात एक शब्द बोलला असतास तर ही वेळ आली नसती. का बोलला नाहीस?"

"महाराज, ती असाध्य नव्हती. चूक माझी झाली. मी तिला उताणे निजवले. पुढे वाकवून बसवले असते तर पू तोंडावाटे बाहेर पडला असता. हे मला ती गेल्यावर सुचले."

दरबारात असे कोणी बोललेले कोणाला आठवत नव्हते. पिंगलक मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "उताणे निजवल्यामुळे? कायद्याच्या आधी माझाही एक रोगी अगदी असाच गेला. मी त्याच्या दैवाला बोल लावला. पुढे हा कायदा आला, मग मेलेल्या रोग्याविषयी तोंड कोण उघडणार?"

सोणक त्याच्याकडे वळला. "हे मला काल ठाऊक असते, तर उत्पला आज घरी असती," तो म्हणाला.

राजाने मल्लियाला विचारले, "तुझे काय म्हणणे? खल फोडायचा?"

"मला राग आहे, महाराज, फार आहे," मल्लिय म्हणाला. "खल फुटला तर घटकाभर बरेही वाटेल. पण घरी माझी लेक आहे. उद्या तिचा घसा असाच सुजला, तर रोग्याला बसवायचे असते हे ज्याला कळले त्याचाच खल आपण फोडून ठेवलेला असेल. मग मी गाडी कोणाच्या दारात नेऊ?"

राजाला आपला भाऊ आठवला. आज तो आजारी पडला असता, तर या दरबारातल्या एकाही वैद्याने त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नसते. राजाने कायदा मागे घेतला. मद्य पिऊन किंवा बेफिकिरीने औषध देणाऱ्याला दंड तेवढा ठेवला. दर अमावास्येला सर्व वैद्यांनी एकत्र बसून आपल्या हातून कोण गेले आणि कसे, हे एकमेकांना सांगावे असे ठरले. पहिल्या सभेत सगळे छताकडे पाहत बसले. अखेर पिंगलकाने सुरुवात केली. पुढे एका नावाड्याच्या घशात तसेच गळू झाले, तेव्हा पिंगलकानेच त्याला पुढे वाकवून बसवले, हनुवटीखाली वाडगा धरला आणि गळू फोडले. नावाडी दुसऱ्या दिवशी पेज प्याला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या भिक्षूंना सांगितली. त्यांच्या देखरेखीखालचा एक आजारी वृद्ध भिक्षू नुकताच वारला होता आणि कशाने, ते कोणी बोलत नव्हते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचे ज्येष्ठ भिक्षू, थेर सुदंत. मल्लिय म्हणजे रोज आजाऱ्यांसाठी दूध आणणारा उपासक. आणि पिंगलक..." इथे ते थांबले.

मग वच्छक नावाचा भिक्षू उठून उभा राहिला.

"भंते, तो मी असेन. त्या वृद्ध भिक्षूला रेचक काढा आधीच दिलेला होता. मी विचारले नाही आणि पुन्हा दिला."

त्याच्यामागून दुसरा एक भिक्षू उठला. "आधी मी दिला होता, भंते. पाळी संपवून जाताना मीही कोणाला सांगितले नाही."

"पिंगलक तूच होतास, वच्छका," शास्ते म्हणाले, "आणि सोणक मी होतो. आपल्या हातून जीव गेल्यावरही जो खरे सांगतो, त्याची ती सत्यपारमिता, सत्याची पूर्णता. आता बसा, आणि यापुढे काढा देणाऱ्याने कोणाला काय सांगून जायचे ते दोघे मिळून ठरवा."