नूरचाचांच्या खोलीतलं गाणं

आधी खर्रर्र... मग लांबून आल्यासारखा ऑर्गन.

फार वर्षांपूर्वी मिरजेत, नूरचाचांच्या खोलीत मी तो आवाज ऐकला. चाचा गिटार शिकवायचे. मी खाली चहाची गाडी लावायचो. गाणं इंग्लंडातल्या एका बँडचं होतं. त्यातले वाजवणारे बदलत गेले, आवाज बदलत गेला, बँड अजून चालू आहे.

"म्हणजे आता पोरीनं मला शिकवायचं का, चाचा?"

परवा मी चहा घेऊन वर गेलो, तेव्हा हेरंब विचारत होता. चाचांचा जुना शिष्य. आता केस पिकलेत. स्वतःचा बँड आहे, तीच गाणी वाजवतो. ऑर्गनवर त्याची मुलगी असते.

"काय म्हणते?"

"गाणं खालच्या पट्टीत घ्या म्हणते. ते इंग्लंडातले लोक म्हातारे झाले, म्हणून आता खाली गातात. ही त्यांचंच उचलते. वर म्हणते, जुनी रेकॉर्डसुद्धा खालीच आहे! अहो, मी इथं बसून शिकलोय. खोटारडी म्हटलं तिला. उद्याच्या कार्यक्रमाला येऊ नको म्हटलं."

"मग?"

"...जेवायला समोर बसत नाही."

चाचांनी तीच जुनी रेकॉर्ड लावली. खर्रर्र... ऑर्गन.

"हाच!" हेरंबचे डोळे भरले. "हाच खरा आवाज, चाचा."

चाचांनी रेकॉर्डच्या कडेवर बोट टेकवलं. अगदी हलकं. फिरणं मंदावलं. आवाज खाली उतरला.

"आणि हा?"

"हा... पोरीचा."

"हा त्यांचा. पहिल्यापासूनचा. माझ्या रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा घसरायचा, म्हणून मी त्याच्या आतल्या छोट्या चाकाला चिकटपट्टी गुंडाळली. चाक जाड झालं, तेव्हापासून रेकॉर्ड जोरात पळते."

हेरंब वाकून रेकॉर्डखाली बघू लागला.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू डोळे मिटून ऐकत होतास."

...

मी दिलेल्या चहावर साय धरली. कुणी कप उचलला नाही.

"म्हणजे जन्मभर मी चुकीचं वाजवलं."

चाचांनी बोट काढलं. गाणं पुन्हा वर चढलं.

"छे रे. ते या खोलीतलं गाणं... पोरगी कुठल्या खोलीत बसून ऐकते, बघितलंस कधी?"

हेरंबनं चपला घातल्या, आणि जिना उतरून घराकडे गेला.