दोरीला बांधलेली राजकन्या

ऐकणाऱ्यांनो, घरोघरी मुले दोरीने बांधून ठेवलेली कधी पाहिलीत का?

एका राज्यात तसेच होते. तिथल्या मुलांना वजनच उरले नव्हते. सोडली की पतंगासारखी वर जात. आया त्यांना जात्याला बांधून स्वयंपाक करीत. राजकन्या शेवंती पलंगाच्या पायाला रेशमी दोरीने बांधलेली असे आणि छताखाली तरंगत असे. काही बोलू लागली, की राणी चंद्रकळा खालून लाडू वर द्यायची. "उगी हं बाळ. हा खा." त्या राज्याची रीतच तशी होती.

एका दुपारी राणीने पाहिले, तर दोरीचा पीळ सुटत होता. आता वावटळ आली, तर लेक गेलीच!

राजा उदयसेन म्हणाला, "प्रधानाला उपाय शोधायला पाठवतो."

"पोर माझी आहे, महाराज. मीच जाते."

लेकीला जड करील असे काही शोधायला राणी काळ्या डोंगरावर गेली. तिने तिथल्या राक्षसाच्या जटा विंचरल्या, त्याने पायातला लोखंडी तोडा दिला. शेवंतीच्या पायात घातला, तर तोडाही तरंगू लागला. मग राणी पाताळविहिरीत उतरली. तिथल्या नागाला जोजवून निजवले आणि शापित खजिन्यातला सोन्याचा कमरपट्टा आणला. तोही तरंगू लागला.

खिडकीत बसलेला धनेश पक्षी खो खो हसला. "राणीसाहेब, आता पोरीला हत्ती बांधा!"

"हसतोस काय, पक्षिराजा? उपाय सांग."

"एका चेटकिणीचं पोर दरबारात काही सांगत होतं. तुम्ही त्याच्या तोंडात लाडू कोंबलात. तिनं शाप दिला, की ज्या मुलांचं कुणी ऐकत नाही, त्यांचे पाय जमिनीला लागणार नाहीत. तिसरं काम हेच. लेकीचं ऐका. लाडू नाही, उपदेश नाही. नुसता हुंकार द्या."

"एवढंच?"

"करून बघा."

राणीने शिडी लावली आणि लेकीच्या तोंडासमोर जाऊन बसली. "बोल, बाळ."

शेवंतीने आधी आईच्या हातात लाडू आहे का ते पाहिले. मग म्हणाली, "मला घोड्याची भीती वाटते."

'राजाच्या लेकीला कसली भीती!' हे शब्द राणीच्या ओठांवर आले. तिने जीभ चावली. "हं."

"तो दात दाखवतो. मी रडले, तर बाबा सगळ्यांसमोर हसले."

"हं."

"म्हणून मी पोट दुखतं म्हणते. खरं तर दुखत नाही."

"हं." राणीचे डोळे भरून आले.

दोरी सैल पडली. शेवंती बोलत बोलत खाली येऊ लागली, आणि राणी हुंकार देत एकेक पायरी उतरू लागली. इतक्यात वावटळ शिरली. पडदे उडाले, दोरी तटकन तुटली. राणीने किंचाळून हात पसरले.

शेवंती फरशीवर उभी होती. तोडा खणखणत होता.

"आई, किती जड आहे गं हा! काढ ना."

दारात राजा उभा होता. "मी हसलो होतो?"

"हो, बाबा. मोठ्यांदा."

राजा मुकुट काढून जमिनीवर बसला. "चुकलं माझं. अजून सांग."

त्याच संध्याकाळी राज्यात दवंडी पिटली, की लाडू खुशाल द्या, पण आधी पोराचे ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरलाच नाही, कारण राजा, प्रधान आणि सेनापती आपापल्या घरी हुंकार देत बसले होते.